टायपिंगचे वर्ग आणि मराठी कारकुनाची बोटे

विसाव्या शतकात महाराष्ट्रातील कनिष्ठ मध्यमवर्गाने जी यांत्रिक कौशल्ये आत्मसात केली, त्यांत टंकलेखनाइतके व्यापक आणि तरीही इतिहासलेखनात दुर्लक्षित राहिलेले कौशल्य क्वचितच सापडेल. गिरण्यांतील मागावरच्या कामाचा, रेल्वेच्या कारखान्यांचा आणि छापखान्यांचा इतिहास लिहिला गेला. परंतु शहरांच्या पेठांतून आणि तालुक्याच्या बाजारपेठांतून, दुकानांच्या माळ्यावर किंवा चाळीच्या एखाद्या खोलीत भरणाऱ्या टायपिंगच्या वर्गांकडे ते तात्पुरती सोय असल्यासारखे पाहिले गेले. वास्तविक याच वर्गांत मराठी माणसाने प्रथमच एक परके यंत्र आपल्या लिपीसाठी वापरायला मोठ्या संख्येने शिकून घेतले, आणि त्या शिक्षणाचा ठसा यंत्र नाहीसे झाल्यावरही टिकून राहिला.

टंकलेखन यंत्र येण्यापूर्वी लेखन हाच एक स्वतंत्र व्यवसाय होता आणि त्याचे शिक्षण प्रत्यक्ष दफ्तरात होत असे. मराठेशाहीच्या काळी दफ्तरी कामासाठी मोडी लिपी वापरली जाई. हात शक्यतो न उचलता अक्षरे सलग लिहिता यावीत अशी तिची घडण असल्यामुळे ती त्या काळातील जलद लेखनाचे साधनच होती. बोरूने, म्हणजे तासून टोक काढलेल्या लेखणीने, लिहिल्या जाणाऱ्या या लिपीला चिटणिशी, बिवलकरी अशी निरनिराळी वळणे होती, आणि कोणत्या दफ्तरात कोणाच्या हाताखाली कारकून तयार झाला हे त्याच्या वळणावरून जाणकारांना ओळखता येत असे. तरुण मुलगा कचेरीत प्रथम ‘उमेदवारी’ करी, म्हणजे वेतन न घेता किंवा अगदी अल्प मोबदल्यावर नकला उतरवून हात बसवी, आणि जागा रिकामी झाली की कायम होई. या पद्धतीत शिकणे आणि काम करणे या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या; शिक्षणाचे शुल्क नव्हते, प्रमाणपत्र नव्हते, आणि अर्थातच ज्याच्या घराण्याचा दफ्तराशी संबंध नव्हता त्याला आत शिरण्याचा मार्गही जवळजवळ नव्हता. पुढे टायपिंगच्या वर्गाने जे साधले त्याचे मोल ठरवताना ही बंद दारे लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

एकोणिसाव्या शतकात मुद्रणाने बाळबोध, म्हणजे सुट्या अक्षरांची देवनागरी लिपी, पुढे आणली. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी शिळाप्रेसवर पंचांगे छापली आणि जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने, जो १८६९ साली सुरू झाला, देवनागरी खिळ्यांना म्हणजे धातूच्या मुद्राक्षरांना देशभर मान्यता मिळेल असे सौष्ठव दिले. शाळांतून आणि छापील पुस्तकांतून बाळबोध रुजत गेली, तरी सरकारी आणि व्यापारी दफ्तरांत मोडी बराच काळ टिकून होती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शिक्षणातून आणि कचेरीतून मागे पडली. तिच्या माघारीची कारणे अनेक असली, तरी यंत्रांसाठी तयार होणारी अक्षरे बाळबोध वळणाची होती, हे त्यांपैकी कमी महत्त्वाचे कारण नव्हे.

टंकलेखन यंत्र मुळात रोमन लिपीसाठी घडले. अमेरिकेतील क्रिस्टोफर शोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेले यंत्र रेमिंग्टन कंपनीने १८७४ साली बाजारात आणले, तेव्हा त्यावर केवळ मोठी इंग्रजी अक्षरे उमटत. १८७८ सालच्या सुधारित यंत्रात ‘शिफ्ट’ची कळ आली आणि एकाच कळीवर दोन चिन्हे बसवणे शक्य झाले. यंत्राइतकाच महत्त्वाचा शोध मात्र ते वापरण्याच्या पद्धतीचा होता. सुरुवातीचे टंकलेखक कळफलकाकडे पाहून दोन-चार बोटांनी अक्षरे शोधत. १८८८ साली सिनसिनाटी येथे झालेल्या जाहीर स्पर्धेत फ्रँक मॅकगरिन यांनी कळफलकाकडे न पाहता, सर्व बोटे वापरून प्रतिस्पर्ध्यावर मात केली, आणि त्यानंतर स्पर्शपद्धतीचा, म्हणजे प्रत्येक बोटाला ठरावीक कळा नेमून देणाऱ्या पद्धतीचा, झपाट्याने प्रसार झाला. या पद्धतीमुळे टंकलेखन ही केवळ पाहून उचलण्याची युक्ती न राहता शरीराच्या शिस्तबद्ध शिक्षणाचा विषय झाला, आणि शिकवणाऱ्या वर्गांची गरज येथूनच निर्माण झाली.

मुंबईच्या व्यापारी पेढ्यांत, वकिलांच्या कार्यालयांत आणि सरकारी खात्यांत इंग्रजी टंकलेखन रुळले, तेव्हा त्याच्या जोडीला आयझॅक पिटमन यांनी १८३७ साली प्रसिद्ध केलेली लघुलेखन पद्धती, म्हणजे उच्चारांसाठी लहान रेघा व वक्ररेषा वापरून बोललेले शब्द तत्काळ टिपण्याची पद्धती, आलीच. मुंबईत १९०० साली सोहराब दावर यांनी वाणिज्य शिक्षणासाठी स्वतंत्र महाविद्यालय सुरू केले आणि १९१३ मध्ये सिडनहॅम महाविद्यालय स्थापन झाले. व्यापारी शिक्षणाला अशा रीतीने प्रतिष्ठा मिळत असतानाच ‘टायपिंग-शॉर्टहँड’ ही जोडी कार्यालयीन नोकरीची किमान पात्रता ठरत गेली. हे सारे शिक्षण इंग्रजीत होते. मराठीसाठी प्रश्न वेगळा आणि पुष्कळच अवघड होता.

यंत्रावर साधारणपणे पंचेचाळीसच्या आसपास कळा असतात आणि शिफ्टच्या साहाय्याने त्यांवर नव्वदच्या घरात चिन्हे बसतात. इंग्रजीची सव्वीस लहान व सव्वीस मोठी अक्षरे, आकडे आणि विरामचिन्हे त्यात आरामात मावतात. देवनागरीत मात्र स्वर, व्यंजने, काना-मात्रा-वेलांट्या-उकार, अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरांसाठी लागणारी अर्धी रूपे यांची संख्या इतकी मोठी, की छापखान्यातील जुळाऱ्याला, म्हणजे खिळे जुळवणाऱ्या कामगाराला, कित्येक शे खिळ्यांच्या खणांतून अक्षरे उचलावी लागत. हिंदीसाठी बनवलेले यंत्र मराठीला जसेच्या तसे चालत नसे, हीही एक अडचण होती. मराठीला ‘ळ’ अपरिहार्य आहे, आणि ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ अशा शब्दांतील ‘ऱ्’ हे चिन्ह हिंदीच्या गरजांत बसत नव्हते.

या अडचणीवर यंत्रकर्त्यांनी शोधलेला उपाय कौतुकास्पद आहे. देवनागरीतील ख, भ, ध, श, ण यांसारख्या अनेक अक्षरांच्या शेवटी उभा दंड असतो, आणि हाच दंड काना म्हणूनही वापरला जातो. तेव्हा अशा अक्षरांची केवळ अर्धी रूपे कळांवर ठेवायची आणि पूर्ण अक्षर हवे असल्यास अर्ध्या रूपानंतर कान्याची कळ दाबायची, अशी योजना रूढ झाली. त्यामुळे एकाच चिन्हावर जोडाक्षराचा अर्धा अवयव आणि पूर्ण अक्षराचा पूर्वार्ध अशी दोन्ही कामे भागली. मात्रा, अनुस्वार, उकार यांसारखी वर किंवा खाली लागणारी चिन्हे उमटवताना कागदाची गाडी पुढे सरकू नये, म्हणून त्या कळा गाडी सरकवणाऱ्या यंत्रणेपासून अलग ठेवल्या गेल्या. काटकसरीची किंमतही होतीच. एकमेकांत गुंफलेली अनेक जोडाक्षरे हलन्त चिन्हाने, म्हणजे पाय मोडून, लिहावी लागली. सर्व अक्षरांना सारखीच जागा मिळत असल्यामुळे ओळ उसवल्यासारखी दिसे. आणि सुबक हस्ताक्षरावर पोसलेल्या जुन्या कारकुनांना टंकलिखित मराठी ओबडधोबड वाटणे स्वाभाविक होते.

लिपीच यंत्राला अनुकूल करून घ्यावी, असा विचार याच काळात बळावला. विनायक दामोदर सावरकर यांनी लिपिशुद्धीचा आग्रह धरला आणि इ, ई, उ, ऊ या स्वरांसाठी वेगळी चिन्हे न ठेवता ‘अ’लाच वेलांटी व उकार लावावेत, ही ‘अ’ची बाराखडी त्यांनी पुरस्कारली. शंकरराव किर्लोस्कर यांच्या संपादनाखाली १९२० पासून निघणाऱ्या ‘किर्लोस्कर’ मासिकाने ती प्रत्यक्ष छपाईत वापरून दाखवली, ही गोष्ट योगायोगाची नव्हती. यंत्र, उद्योग आणि वैयक्तिक उन्नती यांचा संस्कार मराठी वाचकांवर घडवणाऱ्या नियतकालिकाला लिपीचे यंत्रानुकूलन हा आपल्याच कार्याचा भाग वाटणे साहजिक होते. पुढे १९५३ साली लखनौ येथे भरलेल्या परिषदेने ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे न देता उजवीकडेच, पण आखूड दांड्याची द्यावी, अशी शिफारस केली. परंतु ती लोकांच्या हातांना आणि डोळ्यांना मानवली नाही व काही वर्षांतच सोडून देण्यात आली. लिपिसुधारकांची तळमळ खरी होती, तथापि त्यांनी वाचणाऱ्याच्या सवयीचे बळ कमी लेखले असे म्हणणे भाग आहे. लिपीने यंत्रासाठी फारसे बदलायचे नाकारले, आणि तडजोडीचा सगळा भार शेवटी टंकलेखकाच्या बोटांवर आला.

हा भार नेमका कोणता होता, हे रेमिंग्टन पद्धतीच्या मांडणीवरून समजते. इंग्रजी टंकलेखनात शब्द जसा लिहिला जातो त्याच क्रमाने अक्षरे दाबली जातात. मराठीत मात्र ‘कि’ लिहिताना उच्चारात नंतर येणारी वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर दाबावा लागतो, ‘गर्दी’ या शब्दातील रफार उच्चारात ‘द’च्या आधी असला, तरी कळफलकावर तो दीर्घ वेलांटीच्याही नंतर येतो, आणि ‘भाषा’सारख्या दोन अक्षरी शब्दात कान्याची कळ चारदा दाबावी लागते. म्हणजे टंकलेखकाला शब्द ऐकून चालत नसे, तर तो कागदावर डावीकडून उजवीकडे कसा दिसेल हे मनात उभे करून त्या दृश्य क्रमाने बोटे चालवावी लागत. हे रूपांतर विचार न करता घडू लागले की बोट ‘बसले’ असे म्हटले जाई. बोट बसण्यास महिने लागत, विशेषतः करंगळीला. कारण यांत्रिक कळ खाली नेण्यास बळ लागते, आणि सर्व अक्षरे सारखी ठळक उमटवायची तर सर्वांत दुबळ्या बोटाचा आघातही तर्जनीच्या बरोबरीने पडावा लागतो.

मराठी टंकलेखनाला खरा आधार मिळाला तो राज्यनिर्मितीनंतर. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये भाषा संचालनालय अस्तित्वात आले. १९६२ साली शासनातील पदांना मराठी नावे देणारा ‘पदनाम कोश’ निघाला, आणि महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ या कायद्याने मराठीला राज्यकारभाराच्या भाषेचे स्थान मिळाले. भाषेचे धोरण कायद्याने ठरते, पण ते अमलात येण्यासाठी आदेश, परिपत्रके आणि टिपण्या प्रत्यक्ष कोणीतरी टंकलिखित कराव्या लागतात. त्यामुळे आयुष्यभर इंग्रजी यंत्रावर काम केलेल्या शासकीय टंकलेखकांना आणि लघुलेखकांना मराठी टंकलेखन व लघुलेखन शिकवणे, त्यांच्या परीक्षा घेणे हे काम भाषा संचालनालयाकडे आले, आणि विहित मुदतीत परीक्षा उत्तीर्ण न होणाऱ्याची वेतनवाढ रोखण्याची तरतूद नियमांत झाली. चाळिशी ओलांडलेल्या, इंग्रजीत तरबेज असलेल्या माणसाने पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात करणे, बोटांना जडलेली एक मांडणी न मोडता दुसरी अंगी बाणवणे, हा मराठीकरणाच्या इतिहासातील कष्टाचा भाग आहे, आणि राजभाषेच्या यशाचे श्रेय देताना या अनामिक टंकलेखकांचा उल्लेख व्हायला हवा.

नवीन येणाऱ्यांचे शिक्षण मात्र खासगी वर्गांतच होत राहिले. मॅट्रिक, आणि पुढे एस.एस.सी., झाल्यावरच्या सुट्टीत टायपिंगचा क्लास लावणे ही घराघरांतील रीत झाली. दिवसाचा एक तास, ठरावीक यंत्र, मधल्या रांगेतील अक्षरांचे धडे पानेच्या पाने गिरवणे, मग शब्द, वाक्ये, पत्रे, तक्ते आणि अखेरीस घड्याळ लावून केलेला गतीचा सराव, असा क्रम असे. ओळ संपत आल्याचा इशारा देणारी घंटी वाजल्यावर शब्द तोडायचा की पुरा करायचा, कार्बनच्या प्रती सारख्या कशा लावायच्या, चक्रमुद्रणासाठी म्हणजे सायक्लोस्टाइलसाठी मेणकागदाचे स्टेन्सिल कापताना रिबन बाजूला सारून खिळा थेट कागदावर कसा मारायचा, या गोष्टी पाठ्यपुस्तकापेक्षा वर्गातील शिक्षकाकडूनच कळत. या शिक्षणाचे मापन पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेमार्फत घेतल्या जाणाऱ्या शासकीय वाणिज्य प्रमाणपत्र परीक्षेने होई. मिनिटाला तीस शब्द आणि चाळीस शब्द असे मराठीचे टप्पे होते. इंग्रजीत त्यापुढेही जाता येत असे, आणि लघुलेखनाच्या गती तर शंभर शब्दांच्या वर पोहोचत. या परीक्षेत जात, घराणे, हस्ताक्षराचे वळण किंवा साहेबाची ओळख यांपैकी कशालाही गुण नव्हते. उताऱ्यातील चुका आणि घड्याळ यांनीच निकाल ठरत असे. उमेदवारीच्या जुन्या पद्धतीत ज्यांना प्रवेश नव्हता अशा असंख्य कुटुंबांतील पहिल्या शिक्षित पिढीला कार्यालयात नेणारी वाट येथून निघाली, आणि या वर्गांचे सर्वांत मोठे सामाजिक कार्य हेच होय.

मुंबईत हे कौशल्य राजकारणाचाही विषय झाले. इंग्रजी टंकलेखन व लघुलेखनात निपुण असलेले अनेक दक्षिण भारतीय तरुण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून मुंबईत येत होते आणि माटुंगा परिसरात त्यांची वस्ती वाढली होती. साठच्या दशकात कारकुनी नोकऱ्यांवरून जी तेढ निर्माण झाली आणि जिच्यातून १९६६ साली शिवसेनेची स्थापना झाली, तिच्या मुळाशी कार्यालयांतील अशाच जागांसाठीची स्पर्धा होती. या संघर्षाचे वर्णन करताना अस्मितेबद्दल पुष्कळ लिहिले जाते. परंतु एका शहरात कोणता समाज कोणते यंत्र आधी शिकला, या साध्या गोष्टीचा रोजगारावर किती खोल परिणाम होतो, याचेही ते उदाहरण आहे. स्त्रियांच्या बाबतीत परिणाम अधिक निर्विवादपणे हिताचा ठरला. शिक्षिका आणि परिचारिका यांच्या पलीकडे मध्यमवर्गीय मुलीला घरच्यांच्या संमतीने करता येईल असा तिसरा पेशा टंकलेखनाने उपलब्ध करून दिला, आणि त्याचे शिक्षण घराजवळच, थोड्या शुल्कात, काही महिन्यांत पुरे होई.

यंत्रांचा पुरवठाही देशातच होऊ लागला होता. गोदरेज आणि बॉइस कंपनीने १९५५ साली संपूर्ण भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र तयार केले, आणि पुढील अर्धशतक शासकीय कार्यालये, न्यायालयांच्या आवारात प्रतिज्ञापत्रे लिहून देणारे टंकलेखक व शिकवणी वर्ग यांत ही यंत्रे दिसत राहिली. २००९ साली या कंपनीने उत्पादन थांबवले, त्याच्या पुष्कळ आधी संगणकाने कार्यालयांत जम बसवला होता.

संगणकावर मराठी आणताना जुनाच प्रश्न उलट्या बाजूने उभा राहिला. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत सुरू झालेले आणि १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ या संस्थेत पुढे नेलेले भारतीय लिप्यांचे तंत्रज्ञान आता चिन्हांच्या संख्येवर अडून राहिले नव्हते. जोडाक्षर घडवण्याचे काम संगणकच करू शकत होता. त्यामुळे ‘इनस्क्रिप्ट’ नावाची मांडणी सिद्ध झाली, जिच्यात स्वर एका बाजूस, व्यंजने दुसऱ्या बाजूस आणि अक्षरे उच्चाराच्या क्रमाने दाबण्याची सोय आहे, व तीच मांडणी सर्व प्रमुख भारतीय लिप्यांना लागू पडते. तर्काने पाहिले तर ती निःसंशय श्रेष्ठ आहे. तरीही ज्यांची बोटे रेमिंग्टन मांडणीवर बसली होती, त्यांना वेलांटी आधी दाबण्याची सवय मोडणे जमेना. परिणामी सी-डॅकच्या आणि इतर संस्थांच्या मराठी आज्ञावलींत टंकलेखन यंत्राची जुनी मांडणीही उपलब्ध ठेवावी लागली. धातूच्या कळा मर्यादित होत्या म्हणून जन्मलेली काटकसर, ती मर्यादा पूर्णपणे नाहीशी झाल्यावरही, संगणकाच्या पडद्यावर जगत राहिली. तंत्रज्ञानाच्या इतिहासात यंत्राच्या आयुष्यापेक्षा शिकलेल्या माणसाच्या आयुष्याची मुदत अधिक असते, याचा इतका स्पष्ट पुरावा मराठीत दुसरा नसावा.

नव्या यंत्राला विरोधही झाला. ऐंशीच्या दशकात बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी संगणकीकरणाला केलेला विरोध नोकऱ्या जाण्याच्या भीतीतून आलेला होता, आणि ती भीती निराधार नव्हती. त्यानंतरच्या टप्प्यावर राज्यशासनाने जुनाच मार्ग पुन्हा वापरला. २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन लिमिटेड ही संस्था स्थापन झाली, तिच्या एमएस-सीआयटी या संगणक साक्षरतेच्या अभ्यासक्रमाचे जाळे गावोगावी पसरले, आणि शासकीय कर्मचाऱ्यांच्या वेतनवाढी संगणक अर्हतेशी जोडल्या गेल्या. साठच्या दशकात इंग्रजी टंकलेखकावर जी वेळ आली होती तीच आता मराठी टंकलेखकावर, वरिष्ठ लिपिकावर आणि शिक्षकावर आली. फरक असा की टायपिंगच्या वर्गात मिळणारे कौशल्य एकदा बसले की निवृत्तीपर्यंत पुरत असे, तर संगणकाच्या वर्गात शिकलेली आज्ञावली काही वर्षांतच बदलत असे, आणि शिकणे ही कायमचीच जबाबदारी होऊन बसली. प्रौढ वयात शिकणाऱ्याला शरमिंदे न करता शिकवणारी व्यवस्था उभी करणे ही शासनाची जबाबदारी असते. वेतनवाढ रोखण्याचा धाक तिची जागा घेऊ शकत नाही.

अनेक जुन्या टायपिंग संस्थांनी एका भिंतीला यंत्रे आणि दुसऱ्या भिंतीला संगणक अशी मांडणी करून हा बदल पेलला, आणि कालांतराने परीक्षा परिषदेची टंकलेखन परीक्षाही संगणकावरच होऊ लागली. भ्रमणध्वनीवर रोमन अक्षरांत मराठी शब्द लिहून त्याचे देवनागरीत रूपांतर करून घेणारी, किंवा नुसते बोलून मजकूर उमटवणारी पिढी वाढली असली, तरी लिपिक-टंकलेखक या शासकीय पदासाठी मराठीची मिनिटाला तीस किंवा इंग्रजीची चाळीस शब्दांची गती आजही मागितली जाते. त्यामुळे दिवसभर अंगठ्याने मराठी लिहिणारे तरुण स्पर्धापरीक्षेचा अर्ज भरल्यावर तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या संस्थेत नाव घालतात आणि वेलांटी अक्षराच्या आधी दाबायची असते, या धड्यापासून सुरुवात करतात.